हौदाचं पाणी कोण भरणार

आमच्या वहिनीचा एकही धड फोटो नाही. लग्नाच्या फोटोत ती अर्धी चौकटीबाहेर आहे, कारण फोटोग्राफर ‘हं, आता’ म्हणाला आणि नेमकं त्याच क्षणी हिला कुणासाठी तरी खुर्ची सरकवायचं आठवलं. बाकीच्या फोटोंत ती मागे कुठेतरी, पाठमोरी, हातात काहीतरी घेऊन निघालेली. शेजारी माझा दादा शांतपणे कॅमेऱ्याकडे बघतोय. या दोघांचं कसं जमलं हे मला आजवर उमगलेलं नाही, आणि मी तर त्यांच्याच घरात राहते.

वहिनी पडद्यांच्या दुकानात मापं घ्यायला आहे. दुकानात बसायचं काम तिला दिलं होतं, ते तिने आठवडाभरात परत केलं. लोकांच्या घरी जायचं, स्टुलावर चढायचं, खिडकी मोजायची, चुण्या किती घ्यायच्या, अस्तर लावायचं की नाही ते सांगायचं आणि पुढच्या घरी जायचं, हे तिला मानवतं. टेप गळ्यात. घरी आली तरी गळ्यातच. आणि दिवसभर दुसऱ्यांच्या खिडक्या बघून आली की तिला आमच्या खिडक्या खुपायला लागायच्या. या खोलीत उजेड नाही. त्या खोलीत वारा नाही. समोरच्यांची गच्ची आपल्या घरात डोकावते. झालं, लागली नवीन घर शोधायला. आम्ही इतकी भाड्याची घरं बदलली की पोस्टमन मला रस्त्यात थांबवून विचारायचा, ‘सध्या कुठे?’ मी शाळेत कारकून. माझ्याकडे प्रत्येक रबरी शिक्क्याची जागा ठरलेली असते. घरी मात्र चहाची गाळणी कुठल्या खोक्यात आहे ते कुणाला ठाऊक नसायचं. मी बोलायची. मी फटकळ आहे हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे कुणी मनावर घ्यायचं नाही.

‘वन्सं,’ ती म्हणायची, ‘तुम्हाला एका जागी बसून कंटाळा कसा येत नाही?’ मला चिडवायचं असलं की ती मला वन्सं म्हणते आणि अहोजाहो करते.

दादा रंगारी. इमारतींना बाहेरून रंग द्यायचा. एका सकाळी परांचीची फळी सरकली आणि तो खाली आला. डोकं वाचलं, हात वाचले, मणक्याला मार बसला. पाय गेले नाहीत, पण पूर्वीसारखे राहिलेही नाहीत. वॉकर धरून खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला जायचा आणि घामाने भिजून खुर्चीत बसायचा. तो कुरकुरला नाही. त्याचं दुखणं वेगळंच होतं. आपल्यावर कुणाचा काही खर्च होतोय, कुणी आपल्यासाठी जास्त राबतंय, हे कळलं की तो ते बंदच करून टाकायचा. वहिनीने मालिश करणारा माणूस लावला होता. त्याच्यासाठी ती सुट्टीच्या दिवशीही मापं घ्यायला जाते हे दादाला कळलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याने त्या माणसाला दारातूनच परत पाठवलं. ‘बरं वाटतंय आता,’ म्हणाला. बरं कसलं वाटत होतं! त्या महिन्यात त्याचा डावा पाय पुन्हा ओढल्यासारखा झाला. वहिनी रडली, भांडली, भांडी आपटली. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

इस्पितळात व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितलं, ‘यांना पाण्यात चालवा. छातीपर्यंत पाण्यात माणसाला स्वतःचं वजन फारसं कळत नाही. पाय चालायला शिकतील. पण रोज. आणि पाणी छातीपर्यंतच हवं, कमरेपर्यंत आलं तर उपयोग नाही, सगळं वजन पायांवर येतं.’

शहराच्या पोहण्याच्या तलावावर वहिनी जाऊन आली. तिथला माणूस म्हणाला, इथे पोहणारे येतात, आजारी नाही. शिवाय उतरायला नुसती शिडी. दादा शिडीवरून उतरणार कसा? त्या दिवसांत वहिनी घरात नुसती येरझारा घालायची. जेवतानाही उभीच. मी म्हटलं, ‘तू बसलीस तर तलाव उडून जाणार आहे का?’ तिने ऐकलंसुद्धा नाही.

मग ती एका चष्म्याच्या दुकानाची मापं घ्यायला गेली. दुकानाचा मालक साठीच्या पुढचा, बारीक, गळ्यात दोरीला दोन चष्मे. एक जवळचा, एक लांबचा. बोलता बोलता त्याने सांगितलं की आईचं जुनं घर रिकामं पडलंय, मागे वडिलांनी हौसेने पोहण्याचा तलाव बांधला होता, लहानसाच, रुंद पायऱ्यांचा, आणि त्या तलावामुळे कुणी भाडेकरू टिकत नाही. वहिनीने खिडकी अर्धी मोजून सोडली. त्या दुकानाचे पडदे पुढे आखूड झाले, ते आजही तसेच आहेत.

घर बघायला मीही गेले. घर म्हणजे तीन खोल्या आणि ओल. पण मागे खरंच तलाव होता. कोरडा, तळाला पानं, निळ्या फरशा, एका बाजूने बसत बसत उतरता येईल अशा पायऱ्या आणि कडेने लोखंडी नळीचा कठडा. त्याला पूल म्हणावं तर नदीवरचा वाटतो आणि तलाव म्हणावं तर लाज वाटते, एवढाच. आम्ही पहिल्या दिवसापासून त्याला हौद म्हणायला लागलो.

दारात उभं राहून बोलणं झालं. वीज भाडेकरूची, पाणी भाडेकरूचं, हे ठरलेलंच होतं. वहिनी म्हणाली, ‘आणि हौदाचं, काका?’

चष्मेवाल्याने लांबचा चष्मा काढून जवळचा लावला. ‘हौदाचं पाणी मी भरीन,’ तो म्हणाला. ‘त्याची काळजी करू नका, ताई.’

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. घरी आल्यावर दादाने पहिला प्रश्न विचारला तो हाच. ‘हौद म्हणजे पाणी किती लागणार! त्याचा खर्च?’

‘मालक भरणार,’ वहिनी म्हणाली. ‘विचारा तुमच्या बहिणीला.’

मी मान हलवली. तेव्हा कुठे तो यायला तयार झाला.

आम्ही राहायला गेलो तेव्हा हौद भरलेला होता. पहिल्या संध्याकाळी वहिनी जुने कपडे घालून आत उतरली आणि दादा पायऱ्यांवरून बसत बसत खाली सरकला. मी काठावर टॉवेल घेऊन उभी, जीव मुठीत. पाणी त्याच्या छातीला लागलं. वहिनीने त्याचे दोन्ही हात कोपरापासून धरले आणि ती मागे सरकायला लागली. इतकी हळू, की मला वाटलं हिला काही होतंय की काय. आयुष्यात ती इतक्या हळू कधी चालली नव्हती. दादाने एक पाय टाकला. मग दुसरा. समोरच्या भिंतीला पोचला, भिंतीला हात लावला आणि मोठ्याने हसला. ‘अगं, पाय आहेत मला!’ तो म्हणाला. मी टॉवेलात तोंड घातलं.

रोज संध्याकाळी हे सुरू झालं. वहिनी कुठेही असो, पाच वाजले की मापं गुंडाळून घरी. खिडक्या नावडत्या असूनही ती घर बदलायचं नाव काढेना.

आणि मग पाण्याचं बिल आलं. हौदात भरलेलं सगळं पाणी आमच्या मीटरवर. मी ते बिल घेतलं आणि शाळेतून परस्पर चष्म्याच्या दुकानात गेले.

‘तुम्ही भरीन म्हणाला होतात,’ मी म्हटलं.

‘भरलं की,’ तो म्हणाला.

‘कुठे भरलं? बिल आमच्या नावाने आलंय.’

‘बिल तुमचंच. हौद मी भरला. स्वतः उभा राहून भरला, दिवसभर पाइप धरून. कोरडा हौद भाड्याने देऊ का?’

‘भरीन म्हणजे बिल भरीन!’

‘ताई, मी बिल भरीन म्हणालो का पाणी भरीन म्हणालो?’

पाणी भरीन म्हणाला होता हे खरंच. घागर भरतात तसं तो म्हणाला आणि फी भरतात तसं आम्ही ऐकलं. दुकानात एक गिऱ्हाईक डोळे तपासायच्या यंत्रावर हनुवटी टेकून बसलं होतं, ते हनुवटी न उचलता म्हणालं, ‘दोघांचंही बरोबर आहे.’ मला त्याच्या डोक्यात काहीतरी घालावंसं वाटलं.

चष्मेवाला लबाड नव्हता. तेच तर माझं दुखणं होतं. लबाड माणसाशी भांडता येतं. हा दुसऱ्याचं काही घ्यायचा नाही आणि आपलं काही सोडायचा नाही. मी मात्र त्या दिवसापासून त्याला पाण्यात पाहायला लागले.

वहिनीने बिल माझ्या हातातून घेतलं आणि पर्समध्ये कोंबलं. ‘यांना कळता कामा नये,’ म्हणाली. ‘कळलं तर हे उद्यापासून पाण्यात उतरणार नाहीत. मालिशवाल्याचं काय केलं आठवतंय ना?’

मला आठवत होतं. आम्ही बिल भरलं. दादाला वाटत राहिलं की मालक भरतोय.

पण पुढचं बिलही तसंच आलं, आणि हौदाचं पाणी रोज खाली जात होतं. दादाच्या छातीवरून पाणी बरगड्यांवर आलं की त्याचा डावा पाय लगेच अडखळायचा. वहिनी लगेच नळ सोडायची. तिचं लक्ष दिवसभर त्या पाण्यावर. सकाळी उठली की आधी हौदावर. भाजी चिरता चिरता सुरी हातात घेऊन हौदावर. गळ्यातली टेप काढून ती फरशीच्या कडेपासून पाणी मोजायची आणि तोंडाने काहीतरी पुटपुटायची. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मला तिचं बघवत नव्हतं. मी पुन्हा दुकानात गेले.

‘तुमचा हौद गळतोय,’ मी म्हटलं.

‘गळत नसेल. पाणी उडत असेल. उड्या मारत असाल.’

‘उड्या? माझा दादा?’ माझा आवाज इतका चढला की रस्त्यावरची माणसं थांबली.

तो ओशाळला. ‘ठीक आहे,’ म्हणाला, ‘बघू या. हौदाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवायची, वजन टाकून. बादलीच्या आत खूण, बाहेर हौदाच्या पाण्याला खूण. एक दिवस कुणी उतरायचं नाही, नळ सोडायचा नाही. उन्हाने उडालं तर दोन्हीकडचं सारखंच उडेल. बाहेरचं जास्त उतरलं तर हौद गळतोय. मग गळतीचं पाणी माझं.’

वहिनीला विचारावं असं मला वाटलंच नाही. दुसऱ्या दिवशी ती दादाला तपासायला इस्पितळात नेणार होती, उशीर होणार होता, हौद मोकळा राहणार होता. मला वाटलं, आयती संधी आली. सकाळी ती दोघं निघाली आणि थोड्या वेळाने चष्मेवाला आला. त्याने भिंगांवर खुणा करायच्या बारीक पेनाने बादलीत एक रेघ ओढली आणि फरशीवर एक. संध्याकाळी परत आला तेव्हा ती दोघं अजून यायची होती. तो गुडघ्यावर बसला, आधी जवळचा चष्मा लावला, मग काढून डोळे बारीक करून पाहिलं. बादलीतलं पाणी जेमतेम हललं होतं. हौदातलं बोटभर खाली गेलं होतं.

‘गळतोय,’ तो म्हणाला.

मी म्हटलं, ‘बघा!’ मला इतका आनंद झाला की मी त्याला चहा विचारला.

‘चहा नको,’ तो उठत म्हणाला. ‘गळतीचं पाणी माझं, आजपासून. पण ही गळती शोधायची म्हणजे हौद रिकामा करायचा, फरशा उखडायच्या. तेवढं माझ्याच्याने होणार नाही. मी हा बुजवतोच. पुढच्या आठवड्यात माती आणून भरून टाकतो.’

या वेळी भरून टाकतो म्हणजे काय ते मला विचारावं लागलं नाही.

‘अहो, पण माझा दादा...’

‘घर भाड्याने दिलंय, ताई. हौद त्याच्याबरोबर नुसता आहे. भाडं थोडं कमी करतो हवं तर.’ त्याने दोन्ही चष्मे सारखे केले आणि गेला. मी त्या बादलीकडे बघत उभी राहिले.

वहिनीला सांगणं भागच होतं. दादा आत आडवा झाल्यावर मी तिला अंगणात नेलं आणि सांगितलं. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ती ओरडली नाही. हौदाभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली, मग बादली उचलून त्यातलं पाणी हौदात ओतलं. जणू तेवढ्याने काही होणार होतं.

‘तुला कुणी सांगितलं होतं जिंकायला?’ एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. मला शाळेच्या दारात गाठलं आणि म्हणाली, ‘चल. तू तोंड उघडायचं नाही.’ चष्म्याच्या दुकानात आखूड पडदे वाऱ्याने हलत होते. भिंतीवर मोठ्या अक्षरांपासून बारीक होत जाणारा तक्ता. चष्मेवाला एका चष्म्याची काडी घट्ट करत होता.

‘काका,’ वहिनी म्हणाली, ‘हौद गळत नाही.’

‘मी डोळ्यांनी पाहिलंय.’

‘बादलीत मी पाणी ओतलं होतं. काल मधेच घरी येऊन गेले मी. मला वाटलं बादली अशीच कुणी ठेवलीय, कमी दिसली म्हणून भरली. म्हणून ती भरलेली दिसली तुम्हाला. हौदाचं उतरलं ते उन्हाने.’

मी तोंड उघडलं. तिने माझ्या पायावर पाय दिला, टाचेने.

चष्मेवाल्याने काडी खाली ठेवली. ‘बादलीतलं पाणी माझ्या खुणेच्या वर नव्हतं, किंचित खालीच होतं. इतकं मोजून कोण ओततं?’

‘मी मापं घेते,’ वहिनी म्हणाली. ‘माझा हात बसलाय.’

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याला पटलं नव्हतं, हे माझ्यासारख्या चष्मा नसलेल्या बाईलाही दिसत होतं. पण आपण दिवसभर तिथे नव्हतो, हेही त्याला माहीत होतं. आणि जे पाहिलं नाही त्याबद्दल तो बोलणार नाही, असा तो माणूस.

‘म्हणजे पाणी तुम्ही वापरता म्हणून कमी होतं?’

‘हो.’

‘मग पाणी तुमचं.’

‘आमचं.’

‘बुजवत नाही मग,’ तो म्हणाला आणि पुन्हा काडी उचलली.

बाहेर आल्यावर मी तिला फुटपाथवरच धरलं. ‘खोटं बोललीस! आपण हक्काने मिळवलेलं सोडून दिलंस! आता काय जन्मभर त्याच्या घरी पाणी भरणार? जमिनीत जातंय ते सगळं!’

‘जाऊ दे जमिनीत,’ ती म्हणाली. ‘जाता जाता तुझ्या भावाला उचलून धरतंय ना?’ आणि चालायला लागली. तिला गाठायला मला पळावं लागलं. खरं सांगते, त्या क्षणी मला तिचा इतका राग आला होता आणि तिच्याबद्दल इतकं प्रेम वाटलं होतं, की दोन्ही एकदम पोटात मावेनात.

मग ती सुट्टीच्या दिवशीही मापं घ्यायला जायला लागली. दादाने विचारलं तर म्हणाली, लोकांना एकदम पडदे बदलायची हुक्की आलीय. मी शाळा सुटल्यावर दोन घरच्या मुलांचे अभ्यास घ्यायला लागले आणि त्याला सांगितलं की शाळेत तपासणी आहे. आम्ही दोघी त्याच्यासमोर एकमेकींकडे बघायचं टाळायचो. दादा मात्र सुधारत होता. आधी वहिनीने हात सोडले. मग ती काठावर आली आणि तो पाण्यात एकटा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायला लागला. घरातही वॉकर नुसता हाताशी ठेवायचा. त्याचा चेहरा बदलला. तो शीळ घालायला लागला, बेसूर.

आणि त्याला एक भलतीच इच्छा झाली.

‘त्या चष्मेवाल्यांना एकदा जेवायला बोलवू,’ तो म्हणाला. ‘किती भला माणूस. एवढं पाणी भरतो आपल्यासाठी, कधी बोलून दाखवत नाही.’

‘ते कुठे जात नाहीत,’ वहिनी म्हणाली. मी म्हटलं, ‘त्यांना पथ्य असतं.’ दुसऱ्या वेळी ते गावाला गेले होते, तिसऱ्या वेळी त्यांचा दात दुखत होता. एके दिवशी आम्ही दोघी बाहेर असताना दादाने स्वतः फोन केला आणि चष्मेवाला हो म्हणाला. दात ठणठणीत होता.

तो आला त्या दुपारी वहिनी पाट्यावरच्या चटणीसारखी वाटली जात होती. भात करपला. मीठ दोनदा पडलं. ती दर मिनिटाला उठून काहीतरी आणायची, आधीच आणलेलं. मी चष्मेवाल्याला दारातच गाठून सांगायचं ठरवलं होतं, पण दादा माझ्याआधी दाराशी. वॉकर न धरता उभा, भिंतीला एक हात. त्याने पाहुण्याला आपल्या शेजारी बसवलं. चष्मेवाला त्याच्या पायांकडे बघत होता.

जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा दादा म्हणाला, ‘काका, एक बोलायचं होतं. मला बोलता येत नाही नीट. पण तुम्ही हौदाचं पाणी भरता म्हणून मी आज उभा आहे. घरच्यांवर भार पडला असता तर मी उतरलोच नसतो. तुमचे उपकार आहेत.’

चष्मेवाल्याचा घास हातातच राहिला. वहिनी त्याच्या समोर भाताचं पातेलं घेऊन उभी होती. तिने त्याच्याकडे इतकं काकुळतीने पाहिलं की दगडाला कळलं असतं. त्यालाही कळलं, मी शपथेवर सांगते. तो लाल झाला. पण तो दुसऱ्याचं घेणारा माणूस नव्हता, मग ते आभार का असेनात.

‘मी भरत नाही,’ तो म्हणाला. ‘तुमच्या घरचेच भरतात. पहिल्यापासून.’

वहिनी पातेलं घेऊन स्वयंपाकघरात गेली, तशीच परत आली, पुन्हा वळली. मला कळेना कुणावर ओरडावं. दादाचं तोंड मी बघितलं आणि मला मालिशवाल्याचा तो दिवस दिसला, ते भिंतीकडे वळलेलं तोंड. संपलं, मला वाटलं. एवढं सगळं करून संपलं.

‘तुला माहीत होतं?’ दादाने मला विचारलं.

‘हो.’

‘आणि रोज पाणी सोडायला लागतं ते का? हौद गळतोय का?’

‘गळतोय,’ चष्मेवाला म्हणाला. ‘नाही,’ वहिनी म्हणाली. दोघं एकदमच.

‘अगं, आता तरी खरं सांग.’

वहिनी भिंतीला टेकली. ‘गळतोय,’ ती म्हणाली. ‘बुजवणार होते. मी बुजवू दिला नाही. तुम्ही आता उतरणार नाही ना? सांगा ना, नाही उतरणार ना?’ तिचा आवाज चिरकला होता.

दादाने ताटातला भात एका बाजूला लोटला. तो बराच वेळ विचार करत होता, रंगाचा अंदाज काढायचा तेव्हा करायचा तसा.

‘म्हणजे मी उतरलो नाही तरी पाणी जाणारच,’ तो म्हणाला.

‘जाणारच,’ चष्मेवाला म्हणाला.

‘रात्रंदिवस?’

‘रात्रंदिवस. पाणी तुमचं ठरलंय, तेव्हा मी बुजवत नाही.’

‘आणि आपण एकदाच उतरतो. संध्याकाळी.’ त्याला खरोखर राग आला होता, पण भलत्याच गोष्टीचा. ‘एवढं पाणी नुसतं मातीला देतोय आपण? काही अक्कल? उद्यापासून सकाळीही उतरायचं.’

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिला रडू फुटलं, पातेलं हातात तसंच.

‘सकाळी मला कामावर जायचं असतं,’ ती रडता रडता म्हणाली. ‘आणि पाणी गार असतं सकाळी.’

‘असू दे गार,’ दादा म्हणाला. ‘आपलंच आहे.’